उजवा उघडून, डावा दुर्बिणीने

माझ्या आईच्या हाताला विस्तव लागत नाही, अशी तिची आमच्या गावात आणि आजूबाजूच्या वाड्यांत ख्याती होती. तव्यावरची भाकरी उलटायला बाकीच्या बायका उलथनं घेत, आई नुसती बोटं घालायची. चुलीतून निखारा बाहेर घरंगळला तर चिमटा शोधत बसायची नाही, उचलून आत टाकायची. बघणारी नवी सून तोंडाला पदर लावायची आणि आई त्यात काही विशेष नाही अशा थाटात पुढचा गोळा मळायला घ्यायची. पण तिला आतून बरं वाटायचं. तिच्या मानेवरून ते कळायचं.

ती ख्याती म्हणजे तिचा आजार होता, हे आम्हाला कळलं ते माझ्यामुळे. मी हे मोठेपणा मिरवायला सांगत नाही, असं लिहिण्याची पद्धत आहे. मी मिरवायलाच सांगते आहे. आमच्या घरात माझ्या आधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि आज रोह्याकडच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. कॉलेजात असताना मी झुरळं आणि बेडूक कापते हे ऐकून माझी थोरली काकी, म्हणजे आईची मोठी जाऊ, भर अंगणात म्हणाली होती, “बेडूक कापून कुणाचं पोट भरतं गो? त्यापरास मासं कापायला शिक.” सगळे हसले होते. मीही हसले होते, कारण मासे मला खरंच नीट कापता येत नाहीत.

आमचं गाव म्हसळ्याकडून दिवेआगरला जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत, डोंगराच्या पोटाशी. घरची भातशेती. खाली दिवेआगरात नारळी-पोफळीच्या वाड्यांतून पाहुणे उतरायला लागले, तसं आईच्या भाकऱ्यांना गिऱ्हाईक मिळालं. वाडीवाल्यांकडून सकाळी निरोप यायचा, दुपारपर्यंत भाकऱ्या फडक्यात बांधून तयार. चक्रीवादळात त्या वाड्या आडव्या झाल्या, तेव्हा तेवढी भाकरी थांबली. पुन्हा पाहुणे यायला लागले, तशी पुन्हा सुरू झाली.

आमच्याकडची तांदळाची भाकरी परातीत थापत नाहीत. ती हातावरची. उकड काढून मळलेल्या पिठाचा गोळा दोन तळव्यांमध्ये घ्यायचा आणि टाळी वाजवल्यासारखा या हातावरून त्या हातावर फिरवत वाढवत न्यायचा. कडा अंगठ्याने पातळ होते. भाकरी जसजशी मोठी होते, तसतसा तो आवाज बदलत जातो. शेवटी तर ती हवेतच असते, हात नुसते खालून लागतात. परातीत थापलेली भाकरी आमच्यात शिकाऊ मुलीची समजली जाते.

आणि एका वर्षी आई परातीत थापायला लागली.

हातावरची भाकरी मधेच फाटायची, कधी सरळ खाली पडायची, हे मी सुट्टीला आले की बघत होते. बाबांनी बघून न बघितल्यासारखं केलं. बोलली ती थोरली काकी. दारातून आत डोकावून म्हणाली, “काय गो, नवी सून आणलीस काय? सांगितलं न्हाईस.” आईने मान वर केली नाही. त्या दिवशी भाकऱ्या नेहमीपेक्षा जाड झाल्या.

मग हाताचं रडगाणं एकेक करून बाहेर आलं. हाताला मुंग्या येतात. झोपेतून उठून हात झटकावा लागतो, मग बरं वाटतं. ब्लाउजचं हूक लागत नाही. “हात मरतो गो,” असं ती म्हणायची. बधिर होणं हा शब्द तिच्याकडे नव्हता. आधी तेल चोळून झालं. मग ताकदीची इंजेक्शनं झाली. मग एका दवाखान्यात फोटो काढून सांगितलं की मानेच्या मणक्यात गॅप आहे, आणि गळ्याला पट्टा दिला. आमच्या भागात गॅप निघाला नाही असा माणूस मी पाहिलेला नाही. आई तो पट्टा लावून चुलीसमोर बसायची. तिला खाली बघता यायचं नाही, म्हणून ती परात उंच पाटावर ठेवायची. मान उत्तम होती. हात मरतच होता.

दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्या शेजारी बसले होते. ती भाकरी उलटत होती आणि मला कातडं करपल्याचा वास आला. मी तिचा हात धरून ओढला. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या टोकाला फोड उठत होता, आणि ती माझ्याकडे बघत होती की ही अशी का ओढते आहे. तिला काहीच लागलं नव्हतं. मी सगळा हात उलटापालटा करून पाहिला. जुन्या चटक्यांचे डाग अंगठ्यावर होते, पहिल्या दोन बोटांवर होते. करंगळीवर एकही नव्हता. “करंगळी बरी कशी राहिली?” मी विचारलं.

“ती शानी हाय,” आई म्हणाली. “तिला लागतं. ती आपली आपण मागं येते.”

माझ्या डोळ्यांसमोर जर्नलमधलं चित्र आलं. हाताची आकृती आमच्या परीक्षेला नव्हती; मी हौसेने काढली होती. अंगठा, दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू एका नसेची. करंगळी दुसऱ्या नसेची. मानेत बिघाड असता तर तो बोटं अशी नेमकी वाटून घेत बसला नसता, असं मला वाटलं. मग मी तिचे दोन्ही तळवे शेजारी शेजारी ठेवले. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी जो मांसाचा उंचवटा असतो, तो बसला होता. तिथे खळगा पडला होता. इतकी वर्षं भाकरी आम्ही खात होतो आणि तो खळगा कुणी पाहिला नव्हता.

पनवेलला हाताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या एका डॉक्टरीणबाई आहेत, असं मला कंपनीतल्या ओळखीने कळलं. आईला तिकडे न्यायचं ठरवलं, तशी काकी बाबांना म्हणाली, पोरगी शिकली म्हणजे डॉक्टर झाली काय, हातावर सुरी चालवून घ्याल आणि बाई कायमची बसेल. बाबा दोन्हीकडे मान हलवत राहिले. आई मात्र तयार झाली. तिचं कारण साधं होतं. तिने ते तपासणीच्या खोलीत बसल्या बसल्या डॉक्टरांना सांगून टाकलं, अजून त्यांनी काही विचारलंही नव्हतं: “मला हातावरची भाकरी यायला पायजे. बाकी कायबी करा.”

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी ती भाकरी कशी करतात ते आईकडून हवेत करून दाखवायला लावलं. मग मनगटावर टिचक्या मारल्या, तशी आईच्या बोटांत सणक गेली. मनगट वाकवून धरायला लावलं, मुंग्या आल्या. नंतर करंट देऊन नसांची तपासणी झाली. आई दर झटक्याला त्या तपासणाऱ्या मुलाला “अरं हळू” म्हणत होती. निदान आलं ते मला वाटलं होतं तेच: नस मनगटात दबली होती. मान निर्दोष सुटली. गळ्याचा पट्टा आईने तिथेच पिशवीत टाकला आणि परत कधी काढला नाही.

डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं ते मी बाबांना आमच्या भाषेत सांगितलं. गावाच्या रस्त्याखाली पाणी जायला मोरी आहे ना, तशी मनगटात एक मोरी असते. खाली हाडांचा पन्हाळ, वर जाड पट्ट्याचं छप्पर. त्या मोरीतून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या जातात आणि त्यांच्यात दाटीवाटीने एक नस. दोऱ्या सुजल्या की जागा पुरत नाही आणि चेंगरते ती नस. उपाय एकच: मोरीचं छप्पर कापून जागा मोकळी करायची. छप्पर कापायच्या वाटा मात्र दोन आहेत.

एक म्हणजे वरून खणायचं. तळव्याच्या मुळाशी चीर द्यायची, थर बाजूला करत पट्ट्यापर्यंत जायचं, नस डोळ्यांनी बघत पट्टा कापायचा, वरून टाके. दुसरी म्हणजे मोरीच्या तोंडातून आत शिरायचं. मनगटाच्या घडीवर छोटी चीर, तिच्यातून दिवा लावलेली बारीक दुर्बीण आत, पडद्यावर बघत छप्पर खालच्या बाजूने कापायचं. तळव्याला हात लागत नाही.

बाबा इतका वेळ नुसते ऐकत होते. दुर्बीण म्हटल्यावर ते दचकले. दुर्बीण त्यांनी फक्त समुद्रावर पाहिली होती, पाहुण्यांच्या गळ्यात. ते हळूच मला म्हणाले, “हात समोर टेबलावर हाय. मंग लांबून कशाला बघतात? जवळ या म्हनावं.”

मी डॉक्टरांना ते सांगितलं. त्या प्रथमच मोकळ्या हसल्या आणि बाबांना म्हणाल्या, “काका, मी जवळच असते. दुर्बीणच आत जाते.” मग बाबांनीही मान डोलावली, पण त्यांचं समाधान झालं नव्हतं हे मला दिसत होतं.

मी वही काढून प्रश्न विचारले. लाजले नाही. कॉलेजने मला काही दिलं असेल तर ते हे, की माहीत नसलेली गोष्ट मोठ्याने विचारायची. दोन्हींत चांगली कोणती? त्या म्हणाल्या, वर्षभराने बघितलं तर बहुतेकांचे हात सारखेच निघतात. फरक पडतो तो मधल्या काळात. दुर्बिणीने केलेला हात लवकर कामाला लागतो, कारण तळव्यावर जखम नसते. उघडून केलेल्या हाताला तळव्याच्या मुळाशी दाबलं की काही महिने दुखत राहतं. मग सगळेच दुर्बीण का नाही करून घेत? कारण खर्च जास्त, ती सगळीकडे होत नाही, करणारा हात सरावलेला लागतो, आणि आत नीट दिसलं नाही तर नसेला इजा होण्याची किंवा पट्टा थोडा कापायचा राहून जाण्याची शक्यता असते. दिसलं नाही, तर त्या स्वतः दुर्बीण बाहेर काढून सरळ उघडतात, त्यात कमीपणा मानत नाहीत.

मग मी तो प्रश्न विचारला ज्यासाठी मी रात्रभर वाचत बसले होते. उजव्या अंगठ्याचं मांस बसलंय, त्या अंगठ्याला जाणारा नसेचा फाटा तिथेच फुटतो. तो बघायचा असेल तर काय बरं? त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, म्हणूनच उजवा मी उघडून करायचं म्हणणार होते. डावा तेवढा बिघडलेला नाही, तो नंतर दुर्बिणीने करता येईल. पण एक गोष्ट त्यांनी आईकडे बघून स्पष्ट सांगितली. मुंग्या जातील, बोटांना जाणीव येईल असं त्यांना वाटत होतं. अंगठ्याच्या ताकदीचं मात्र त्या सांगू शकत नव्हत्या. इतके दिवस दबलेली नस मांसाला पुन्हा उभं करेलच असं नाही.

आई घरी येईपर्यंत बसमध्ये अंगठा दुसऱ्या बोटांना लावून बघत होती.

उजव्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा फक्त हात बधिर केला होता. आई जागी होती, मधे पडदा. बाहेर आल्यावर तिने सांगितलं की डॉक्टर आत काम करताना तिला उकडीचं प्रमाण विचारत होत्या, आणि पाणी उकळायच्या आधी पीठ घालतात असं कुणी नर्स म्हणाली, तिला आईने पडद्याच्या अलीकडून तिथल्या तिथे सुधारलं.

त्या रात्री ती हात न झटकता झोपली. पहिला विजय तो. सकाळी उठून तिने मला हे दोनदा सांगितलं, मग बाबांना सांगितलं, मग फोन लावून माझ्या मावशीला सांगितलं.

पण पुढचे महिने सोपे नव्हते. टाके निघाले तरी तळव्याच्या मुळाशी दुखायचं. तांब्या धरला तर कळ, जमिनीला हात टेकून उठली तर कळ. गोळा मळायचं तर नावच नको, कारण मळताना सगळा भार नेमका त्याच जागेवर येतो. वाडीवाल्यांचे निरोप यायचे आणि काकी त्यांना सांगायची, तिचा हात आता गेला, शहरात नेऊन कापला. आई ऐकायची. मी रविवारी आले की मला विचारायची, “येईल ना गो?” मी म्हणायचे, येईल. मला खात्री नव्हती. पण डॉक्टरांनी सांगितलेले महिने अजून संपले नव्हते, आणि आकड्यावर विश्वास ठेवायला मी शिकले होते.

एका सकाळी मी घरी होते. आईने डाव्या हाताने थापलेली भाकरी सवयीने उजव्या बोटांनी उलटायला घेतली आणि “अगं आई गं” म्हणून हात मागे घेतला. तवा जवळजवळ कलंडला. ती बोटं फुंकत उभी राहिली. मी धावले, तर ती रडत होती आणि हसत होती, आणि ती बोटं मला दाखवत होती, जणू काही ती बाजारातून आणली आहेत. चटका बसला होता. दोन्ही बोटांना. अंगठ्यालाही थोडा. बाबा पडवीतून आले, काय झालं म्हणाले. “भाजलं,” आई म्हणाली, “मला भाजलं हो.” आमच्या घरात भाजल्याचा एवढा आनंद याआधी कुणी केला नसेल. दुपारी मी उलथनं विकत आणलं.

डाव्याला मग आईनेच घाई केली. तो दुर्बिणीने झाला. मनगटाच्या घडीवर, बांगडी बसते तिथे, एक बारीकशी रेघ. आता शोधावी लागते. डाव्या हाताने ती काही दिवसांतच कपडे पिळायला लागली. तेव्हा तिने दोन्ही हातांना जावा करून टाकलं. उजवी थोरली, डावी धाकटी. “धाकटी बघ कशी लगेच कामाला लागली, थोरलीची नाटकंच संपत न्हाईत,” असं ती काकी ऐकेल अशा आवाजात म्हणायची. काकी ऐकायची. एकदा तिने तिथूनच उत्तर दिलं की थोरलीने घर सांभाळलं म्हणून धाकटीला नाचायला मिळालं. आई म्हणाली, हे मात्र खरं हाय.

आणि हातांच्या बाबतीत आईचं म्हणणंही खरंच होतं. मी दर आठवड्याला दोन्ही हात तपासायचे, कंपनीत नमुने तपासते तसे. सुरुवातीला डावा कितीतरी पुढे होता. पकड लवकर आली, दुखणं कमी. पण उजव्याच्या तळव्यातलं दुखणं हळूहळू ओसरलं, आणि पुढे पुढे दोन्हींत फरक सांगायला मला विचार करावा लागायला लागला. डॉक्टरांनी म्हटलं होतं ते माझ्या आईच्या दोन हातांवर मला दिसत होतं, आणि त्याचा मला एखाद्या पदवीइतका आनंद होता. खळगा पूर्ण भरला नाही. थोडा भरला. पण तो अंगठा करंगळीपर्यंत जाऊन टेकायला लागला, जे आधी होत नव्हतं.

हातावरची भाकरी तिने कुणाला सांगून केली नाही. मी न्हाणीघरात होते आणि मला तो आवाज ऐकू आला. आधी जड, मग हलका, मग अगदी बारीक टाळ्यांसारखा. मी ओल्या केसांनीच आले. आईच्या दोन्ही हातांच्या मधे भाकरी गरगर फिरत होती. पहिली एका कडेला फाटली होती, ती तिने मोडून पुन्हा गोळ्यात घातली. ही दुसरी होती. कडा पातळ, सगळीकडून सारखी. ती तव्यावर टाकली तेव्हा काकी दारात होती. आत आली, पाट ओढून बसली आणि ती भाकरी नुसती, काही न लावता, खाल्ली. जाताना म्हणाली, “मीठ कमी हाय.” आई दिवसभर गुणगुणत होती.

शेवटच्या तपासणीला आम्ही पनवेलला गेलो तेव्हा आईने भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून घेतली होती. डॉक्टरांनी एक भाकरी उजेडाकडे धरून पाहिली आणि विचारलं, कुठलं ऑपरेशन बरं वाटलं तुम्हाला, मावशी? आईने जरा विचार केला. म्हणाली, डाव्याने मला त्रास दिला नाही. उजव्याने लई रडवलं. पण भाजल्याचं कळेनासं झालं होतं ते उजव्याला, आणि ते परत आणलंही उजव्यानेच. आणि दोन्ही हात कुणी बरे केले असं कुणी विचारलं तर मी तुमचंच नाव सांगणार. डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं नाही, पण मला वाटतं त्यांना ते आवडलं.

मग त्यांनी आईचा उजवा हात टेबलावर उताणा ठेवला, अंगठा छताकडे सरळ उभा धरायला सांगितला आणि स्वतःच्या बोटाने तो खाली दाबायला लागल्या. पहिल्या भेटीत हा अंगठा एका बोटाने आडवा झाला होता, मी बघितला होता. त्यांनी जोर केला. अंगठा हलला नाही. त्यांनी दुसरं बोट लावलं. आईचा चेहरा शांत होता, फक्त ओठ जरा आवळले होते. डॉक्टरांच्या बोटांची नखं पांढरी झाली आणि त्यांनीच हात सोडून दिला.

आई तसाच अंगठा उभा धरून म्हणाली, “अजून जोर हाय. लावू?”